मातीच्या शोधात : मराठवाड्यातला एक स्पीडवे प्रवास

पहिला दिवस : संभाजीनगर, जालना, परतूर

आमच्या या प्रवासाचे प्रयोजन माती पाहणे हे होते. परतूरजवळ माझ्या बहिणीच्या शेतात बरड माळाचा एक तुकडा आहे. त्यावर पीक धड येत नसल्याने तो वर्षानुवर्षे पडीकच राहिला, आणि तिथे मोटरसायकलच्या सरावासाठी मातीची एक छोटी लंबगोल धावपट्टी करावी असे माझ्या भाच्याने दिवाळीनंतर मनावर घेतले. गाड्यांचे काम त्याच्या मित्रांनी उचलले. कुंपणाचे काम वाळूजच्या कारखान्यात माझ्याबरोबर नोकरी केलेल्या आणि आम्ही सगळे ज्यांना मिस्त्री म्हणतो त्या गृहस्थांनी अंगावर घेतले. धावपट्टीवर कोणती माती टाकावी हा सगळ्यांत अवघड प्रश्न माझ्या वाट्याला आला, कारण स्पीडवे या खेळाचा जुना नाद असलेला घरातला माणूस मीच. म्हणून पौष महिन्यात, ऊसतोडीचा हंगाम भरात असताना, आम्ही तिघे भाच्याच्या जीपमधून संभाजीनगरहून निघालो.

हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून त्याचे स्वरूप आधी सांगायला हवे. साधारण तीनशे मीटर लांबीच्या लंबगोल, मातीच्या धावपट्टीवर चार स्वार घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात आणि जेमतेम मिनिटभरात शर्यत संपते. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक गुण मिळतो. शेवटच्याला काहीच मिळत नाही. मोटरसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची आणि मेथॅनॉलवर चालणारी असते. तिचे वजन किमान ७७ किलो असावे लागते, तिला एकच गिअर असतो आणि ब्रेक मुळीच नसतात. ब्रेक नसण्यामागे सुरक्षिततेचा विचार आहे, कारण चार गाड्या एकमेकींच्या चाकाला चाक लावून वळणात शिरत असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर मागच्याला सुटायला वाव राहत नाही. वळणावर स्वार थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवणारी मूठ, मिटत नाही, उघडतो. त्यामुळे मागचे चाक मातीवरून बाहेरच्या बाजूला घसरते, पुढचे चाक उजवीकडे वळलेले असते आणि तरीही गाडी डावीकडे जाते. या सगळ्या वेळात स्वाराचा डावा पाय, बुटाखाली बांधलेल्या पोलादी पत्र्यासह, जमिनीवरून सरकत असतो. गाडी वळवण्याचे काम इथे हँडलपेक्षा थ्रॉटल आणि माती यांच्याकडे अधिक असते. मातीवर माझा एवढा भर का, ते एवढ्यावरून ध्यानात यावे.

१९८७ साली कंपनीने मला यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीला पाठवले होते. तिथल्या एका सहकाऱ्याने शनिवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या ब्रँडन मैदानावर नेले आणि तेव्हापासून हा खेळ माझ्या मनातून गेलेला नाही. इंजिनात एरंडेल तेल वापरत असल्यामुळे हवेत त्याचा जळका, गोडसर वास भरलेला होता, आणि आमच्या भागातल्या माणसाला तो वास परका वाटणे शक्यच नव्हते. आजोबा, आई, शाळकरी पोरे असे सगळे कुटुंब एका बाकावर बसून कागदावर प्रत्येक शर्यतीचे गुण लिहीत होते. कोव्हेंट्रीच्या संघात डेन्मार्कचा टॉमी क्नुडसेन आणि इंग्लंडचा केल्विन टेटम होते. आधीची दोन वर्षे हान्स नील्सनच्या ऑक्सफर्डने जिंकलेली ब्रिटिश लीग त्या वर्षी कोव्हेंट्रीने मिळवली.

परंतु माझ्या मनावर ठसले ते वेगळेच. पहिल्या वळणातून शेवटी बाहेर पडलेला स्वार आतली, सर्वांत आखूड वाट सोडून सरळ बाहेरच्या कुंपणालगत गेला. पुढच्या गाड्यांनी उडवलेली सैल माती तिथे साचलेली होती. तिच्यात त्याच्या मागच्या चाकाला पकड मिळाली, आणि लांबची वाट घेऊनही दुसऱ्या फेरीच्या अखेरीस तो दोघांच्या पुढे होता. त्याने जे केले ते बळापेक्षा मातीच्या वाचनाचे काम होते. जुन्या स्पीडवेचे माझे सगळे प्रेम त्या एका दृश्यात आहे, आणि आजच्या स्पीडवेविषयीची माझी तक्रारही तिथूनच निघते.

जालन्यात मिस्त्रींच्या ओळखीच्या एका भट्टीवर थांबलो. जालना हे सळ्यांच्या कारखान्यांचे गाव असल्याने तिथे भट्टीतल्या मळीचे, म्हणजे स्लॅगचे, ढीग जागोजागी दिसतात, आणि ती दळून धावपट्टीवर टाकता येईल का हे मिस्त्रींना पाहायचे होते. मूठभर मळी हातात घेऊन चोळली तेव्हाच तिचा नाद सोडला. तिच्या कडा काचेसारख्या धारदार होत्या. पडलेल्या स्वाराचे अंग त्यावरून घासत जाणार आणि मागच्यांच्या तोंडावर तिचा मारा होणार, हे उघड होते. संध्याकाळी परतूरला पोहोचून माळावर गुडघाभर खड्डा घेतला. वर वीतभर हलकी माती आणि खाली घट्ट, पिवळसर मुरूम लागला, तेव्हा पाया चांगला असल्याची खात्री पटली.

दुसरा दिवस : परतूर, सेलू, परभणी, गंगाखेड, परळी

सकाळी सेलूच्या वाटेवर एका गावात शंकरपट भरला होता आणि भाच्याने गाडी आपणहून तिकडे वळवली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासाठीचा कायदा वैध ठरवला. त्यामुळे मधली काही वर्षे मोकळे पडलेले पट आता पुन्हा भरू लागले आहेत. शंकरपट आणि स्पीडवे यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही, कारण तिथे सरळ पट्टी असते, बैलजोडी असते आणि धुरकऱ्याची विद्या निराळी असते. मला पाहायचा होता तो पट तयार करणारा माणूस. तो पहाटे चारपासून राबत होता. आधी वखर, मग पाण्याचा हलका शिडकावा, मग फळी, आणि काही जोड्या धावून गेल्या की पुन्हा फळी, असा त्याचा क्रम होता. माती फार मऊ राहिली तर बैल दमतो आणि फार कडक झाली तर खुराला मार बसतो, असे त्याने मला समजावून सांगितले. इंग्लंडमध्येही दर चार शर्यतींनंतर ट्रॅक्टर येतो, पाते फिरवून बाहेर उडालेली माती आत ओढतो आणि पाणी मारून जातो. प्रेक्षक तेवढ्या वेळात चहा पितात, पण संध्याकाळच्या उरलेल्या शर्यती रंगणार की नाही हे त्या ट्रॅक्टरवाल्याच्या हातात असते. पटवाल्याचा फोन नंबर भाच्याने घेतला. या दिवसाची ती मोठी कमाई होती.

परभणी आणि गंगाखेड ओलांडून दुपारी परळीला पोहोचलो. वैजनाथाचे दर्शन झाल्यावर औष्णिक वीज केंद्राच्या राखेपासून विटा करणाऱ्या एका भट्टीवर गेलो. परळीला जाण्याचा आग्रह माझाच होता, आणि त्याला कारण या खेळाच्या इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये वेस्ट मेटलंड या गावी १९२३ च्या डिसेंबरात जॉनी हॉस्किन्स याने जत्रेच्या मैदानावर मोटरसायकलींच्या शर्यती लावल्या, तिथून आधुनिक स्पीडवेची सुरुवात धरली जाते. १९ फेब्रुवारी १९२८ रोजी लंडनजवळच्या हाय बीच इथे शर्यत झाली तेव्हा आयोजकांच्या अपेक्षेपेक्षा कित्येक पटींनी लोक लोटले, आणि त्यानंतर इंग्लंडच्या गावोगावी धावपट्ट्या झाल्या. त्या काळातल्या अनेक धावपट्ट्या कोळशाच्या भट्टीतून निघणाऱ्या जाड राखेच्या होत्या. तो थर खोल असे. स्वार त्यात पाय मागे सोडून, गाडी जवळजवळ आडवी करून वळण घेत. पुढे थर पातळ आणि माती घट्ट झाली तशी पाय पुढे टाकून, गाडी सरळ ठेवून चालवण्याची शैली आली आणि पाय मागे सोडणारे स्वार मागे पडले. धावपट्टी बदलली की स्वाराचे शरीर बदलते, हे या खेळात तेव्हापासून चालत आलेले आहे.

१९३६ साली लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर झालेली पहिली अधिकृत विश्वविजेतेपदाची अंतिम फेरी ऑस्ट्रेलियाच्या लायनेल व्हॅन प्राग याने जिंकली ती अशा काळात. भाच्याला हा सगळा इतिहास मी भट्टीवर उभ्या उभ्या ऐकवला. परळीची राख मात्र त्या कामाची निघाली नाही. विटांसाठी येते ती धुरातून पकडलेली, पिठासारखी बारीक राख असते. ती चाकाला पकड देणार नाही, वाऱ्याबरोबर उडून स्वाराच्या आणि आसपासच्या वस्तीच्या छातीत जाईल. बॉयलरच्या तळाची जाड राखही पाहिली. तिचे खडे बोटांनी चुरडत होते, म्हणजे दोन दिवसांच्या सरावात तिचीही पूडच झाली असती.

रात्री लॉजवर मिस्त्रींनी जावाचा विषय काढला. त्यांची पहिली मोटरसायकल म्हैसूरला तयार झालेली जावा होती, त्यामुळे या खेळात जावाचे स्थान काय आहे हे ऐकताना त्यांचा चेहरा खुलला. चेकोस्लोव्हाकियातल्या दिव्हिशोव्ह या गावात एसो नावाच्या कारखान्यात स्पीडवेची इंजिने बनत, तो कारखाना साठच्या दशकात जावामध्ये सामील झाला आणि पुढे कितीतरी वर्षे जगभरचे स्वार जावावर बसत होते. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर याने १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन विश्वविजेतेपदे मिळवली तेव्हा अमेरिकेतल्या चाहत्यांनी त्याच्या मोटरसायकलला सोन्याचा मुलामा देऊन तिचा गौरव केला. त्याने पुढे १९७२, १९७७ आणि १९७९ मध्येही ते पद जिंकले. १९७३ साली पोलंडमधल्या होजुफ इथे लाखावर प्रेक्षकांसमोर मॉगर आणि यजमान देशाचा येझी श्चाकेल यांचे गुण समान झाले. निर्णायक शर्यतीत मॉगर पडला आणि श्चाकेल पोलंडचा पहिला विश्वविजेता ठरला. एकाच दिवशी, एका मैदानावर, सगळ्या वर्षाचा निकाल लागण्याची ती पद्धत होती.

तिसरा दिवस : परळी, अंबाजोगाई, लातूर

अंबाजोगाईला योगेश्वरीचे दर्शन घेऊन दुपारपर्यंत लातूर गाठले. लातूरला जाण्याचे कारण तालमीची माती हे होते. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांचा हा जिल्हा, आणि तांबड्या मातीचा हौद राखणारी माणसे इथे अजून आहेत. ज्या तालमीत गेलो तिथल्या वस्तादांनी आमचे काम ऐकून घेतले, आणि मोटरसायकलचा मातीशी काय संबंध असे न विचारता सरळ हौदातली मूठभर माती माझ्या हातात दिली. मुठीत दाबली तर तिचा गोळा व्हावा आणि अंगठ्याने टेकवला तर तो फुटावा, एवढीच ओल मातीत असली पाहिजे, असे ते म्हणाले. गोळाच झाला नाही तर माती कोरडी, आणि गोळा फुटलाच नाही तर ती चिखलाकडे झुकलेली. धावपट्टीच्या ओलाव्याविषयी इतके नेमके मार्गदर्शन मला आजवर कोणी केले नव्हते. हौदाची माती चाळणीने गाळतात, तिच्यात तेल, ताक, हळद घालतात आणि ती रोज खणून सैल करतात. तिची मशागत कुस्तीइतकीच मन लावून करतात. धावपट्टीला तेल-ताक लागणार नाही, पण रोज खणणे, चाळणे आणि ओल राखणे याला पर्याय नाही, हे मी भाच्याच्या वहीत तिथेच लिहून घेतले.

आजच्या स्पीडवेबद्दलचे माझे म्हणणे वस्तादांच्या ओट्यावर बसून मी मिस्त्रींना सविस्तर सांगितले. १९९५ पासून एका रात्रीच्या अंतिम फेरीऐवजी ग्रां प्री मालिका सुरू झाली. वर्षभराच्या कामगिरीवर विजेता ठरू लागला, आणि त्यात न्याय आहे हे मी मनापासून मान्य करतो, कारण जुन्या पद्धतीत एक पंक्चर किंवा एक पडणे माणसाच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी फिरवत असे. पण मालिकेबरोबर फुटबॉलच्या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये काही दिवसांपुरती माती अंथरण्याची पद्धतही आली. कार्डिफला २००१ पासून अशा शर्यती होत आणि तिथला माहोल भव्य असे. परंतु हिरवळीवर किंवा काँक्रीटवर आणून टाकलेला थर बसायला वेळ मिळत नाही, तो खालच्या पायाला धरत नाही, आणि दहा-बारा शर्यतींनंतर त्यात खड्डे आणि चाकोऱ्या पडतात. एप्रिल २०१५ मध्ये वॉर्सॉच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये नेमके हे घडले. २०१० चा विश्वविजेता तोमाश गोल्लोब याच्या निरोपाची ती रात्र, स्टेडियम खचाखच भरलेले, आणि सुरुवातीच्या फाटकातला, म्हणजे स्वारांपुढची फीत वर उडवणाऱ्या यंत्रणेतला, बिघाड आणि धावपट्टीची अवस्था यांमुळे बाराव्या शर्यतीनंतर कार्यक्रम थांबवावा लागला. मातीला वेळ न देता तिच्याकडून काम मागितले तर ती देत नाही. २०२५ मध्ये ब्रिटनची ग्रां प्री कार्डिफ सोडून मँचेस्टरच्या कायमस्वरूपी धावपट्टीवर गेली, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. स्टेडियम कितीतरी लहान असले तरी तिथली माती वर्षानुवर्षे राखलेली आहे.

मिस्त्रींचे मत वेगळे पडले. मोठे स्टेडियम नसेल तर नवा प्रेक्षक येणार नाही, आणि प्रेक्षक नसेल तर माती राखायला पैसा कुठून येणार, असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. १९८१ साली वेम्ब्लीवर अमेरिकेच्या ब्रूस पेनहॉलने विजेतेपद मिळवले तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास लोक होते, आणि वेम्ब्लीवरची ती शेवटची अंतिम फेरी ठरली. पण त्या लोकांना आठवड्याच्या आठवड्याला आपल्या गावच्या छोट्या मैदानावर जायची सवय लागलेली होती, म्हणून ते वेम्ब्लीला गेले. ती छोटी मैदाने गेली. मँचेस्टरचे हाइड रोड १९८७ मध्ये बंद झाले, आणि २०१६ च्या हंगामानंतर माझ्या ब्रँडनवरही शर्यती झाल्या नाहीत. मोठ्या स्टेडियमने या खालच्या रोपवाटिकेची उणीव भरून निघत नाही.

लातुरात आणखी एक प्रश्न मनात आला आणि तो टाळण्यासारखा नव्हता. स्पीडवेच्या धावपट्टीला पाणी भरपूर लागते, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या शहरात बसून आम्ही धूळ बसवण्यासाठी पाणी मारण्याचे बोलत होतो. इंग्लंडचा हंगाम मार्च ते ऑक्टोबर असतो, कारण तिथे हिवाळ्यात माती वाळत नाही. आपल्याकडे तो कार्तिक ते माघ असायला हवा. पावसाने जमिनीत मुरलेली ओल तेव्हा असते, शेततळ्यात पाणी असते आणि ऊन मंद असते. फाल्गुन लागला की धावपट्टी बंद ठेवायची आणि शेततळ्यातले पाणी फक्त जनावरांना आणि फळझाडांना, अशी अट मी भाच्याला घातली. त्याने ती लगेच मान्य केली, आणि त्याच्या आईला हे फोनवर सांगितले तेव्हा धावपट्टीला तिचा असलेला विरोध बराच मावळला.

चौथा दिवस : लातूर, उदगीर

उदगीर ओलांडून बिदरच्या दिशेने गेले की काळी माती मागे पडते आणि लाल, जांभ्याची जमीन दिसू लागते. इथे आमचे काम फत्ते झाले. रस्त्याच्या कामासाठी खणलेल्या एका खाणीजवळ लाल मातीचा ढीग पडला होता. ती चाळून पाहिली तर खडा बारीक आणि गोलसर, बोटांना न टोचणारा, आणि ओली करून दाबल्यावर वस्तादांच्या परीक्षेला उतरणारा होता. इंग्लंडच्या धावपट्ट्यांवर पडणारी लालसर शेलची, म्हणजे पातळ थरांच्या खडकाच्या चुऱ्याची, माती मला तिच्यात दिसली. आपली काळी माती या कामाला निरुपयोगी आहे, हे सांगायला कोणा शेतकऱ्याला तज्ज्ञ लागणार नाही. पावसात ती फुगून चाकाला चिकटते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पण ही लाल माती माळावरच्या मुरमावर बोटभर ते चार बोटे जाडीच्या थराने बसवली, तर ती सरकेल, साचेल आणि पुन्हा ओढता येईल.

परतीच्या वाटेवर भाच्याने आपल्या पिढीची बाजू मांडली. तो हा खेळ फोनवर पाहतो आणि त्याला पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक हाच सर्वांत मोठा वाटतो. मला त्याच्याशी वाद घालायचा नाही, कारण मीही झ्मार्झलिकचा चाहता आहे. मॉगरची आणि स्वीडनच्या टोनी रिकार्डसनची सहा विश्वविजेतेपदांची बरोबरी त्याने २०२५ मध्ये केली, आणि त्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडी कर्ट्झने मालिकेतल्या पाच ग्रां प्री सलग जिंकूनही झ्मार्झलिकने त्याला एका गुणाने मागे ठेवले. आजचे स्वार शरीराने, सरावाने आणि यंत्राच्या ज्ञानाने माझ्या काळातल्या स्वारांपेक्षा पुढे आहेत, असेच माझे मत आहे. नव्वदच्या दशकात उभ्या इंजिनाची जागा आडव्या इंजिनाने घेतली, वजनाचा मध्य खाली आला आणि गाडी अधिक स्थिर झाली. तिची ताकदही वाढली, पण वाढलेली ताकद निसरड्या, टणक धावपट्टीवर वाया जाते.

पूर्वी खोल मातीत मागच्या स्वाराला दोन-तीन वाटा उपलब्ध असत. धावपट्टी घोटून टणक केली की एकच वाट उरते. मग सुरुवातीची फीत वर उडाल्यावर जो पहिल्या वळणात आधी शिरला तोच जिंकतो आणि उरलेल्या साडेतीन फेऱ्या केवळ रांग पाहण्यात जातात. मी भाच्याला फोनवर दोन शर्यती लागोपाठ लावायला सांगितल्या. एकीत ओलसर, भरलेली धावपट्टी होती आणि झ्मार्झलिक कुंपणालगतच्या सैल मातीतून तिसऱ्यावरून पहिल्यावर आला. दुसरीत धावपट्टी चकचकीत घोटलेली होती आणि पहिल्या वळणानंतर चौघांचा क्रम शेवटपर्यंत हलला नाही. स्वार तेच, गाड्या त्याच. भाच्याने दुसरी शर्यत अर्ध्यावर बंद केली आणि लाल माती किती ट्रक लागेल याचा हिशेब विचारू लागला.

यजमान संघाने आपल्या सोयीची धावपट्टी करावी, हा खेळाचा जुना भाग आहे. आपल्या स्वारांना खोल माती आवडत असेल तर ती भरायची आणि नसेल तर घोटायची. पोलंडच्या वरच्या लीगमध्ये आता धावपट्टीवर देखरेख करायला अधिकारी नेमतात आणि पावसाआधी तिच्यावर आच्छादन अंथरतात. गैरप्रकार रोखायला हे आवश्यक आहे. मात्र देखरेखीचा अर्थ सगळ्या धावपट्ट्या एकसारख्या टणक करणे असा होऊ नये.

पाचवा दिवस : परतूर

लाल मातीचा पहिला ट्रक आमच्या मागोमाग परतूरला आला. सकाळी आम्ही माळावर चुन्याने आखणी केली. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावपट्टीची लांबी २६० ते ४२५ मीटर आणि रुंदी सरळ भागात किमान १० मीटर, वळणावर किमान १४ मीटर लागते. आमची जागा तेवढी नाही आणि गाड्याही जुन्या, कमी ताकदीच्या राहणार आहेत, म्हणून लांबी बरीच कमी धरली. वळणाची रुंदी मात्र मी सोडली नाही. मिस्त्रींनी रुंदी तीन मीटरने कमी केल्यास मातीचे दोन ट्रक वाचतील असा हिशेब मांडला होता. वळण अरुंद केले की बाहेरची वाट संपते आणि ती संपली की पुढच्याला मागे टाकायला जागाच उरत नाही, हे त्यांना चुन्याच्या रेषेवर चालत जाऊन दाखवले, तेव्हा त्यांनी आपल्या कागदावरचा आकडा खोडला.

कुंपणाच्या बाबतीत मी त्यांच्यापुढे हार मानली, आणि आनंदाने मानली. जुन्या काळाविषयीच्या माझ्या प्रेमात तेव्हाच्या फळ्यांच्या आणि पत्र्याच्या कुंपणांना जागा नाही. १९८९ मध्ये ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर तीन वेळचा विश्वविजेता एरिक गुंडरसन जबर जखमी झाला आणि त्याची कारकीर्द त्या अपघाताने संपली. पुढे हवेने फुगवलेल्या गाद्यांची कुंपणे आली आणि त्यांनी कितीजणांना वाचवले असेल याची गणतीच नाही. तरीही २०१२ मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सवाफ इथे इंग्लंडचा स्वार ली रिचर्डसन दगावला आणि २०१५ मध्ये त्याच देशातल्या झिएलोना गुरा इथे ऑस्ट्रेलियाचा तरुण, अतिशय गुणी डार्सी वॉर्ड कमरेखाली कायमचा अधू झाला. पूर्वीचे सगळे चांगले होते असे म्हणणाऱ्या चाहत्याने ही नावे विसरू नयेत. मिस्त्रींनी जुन्या ट्यूबा, गवताच्या गाठी आणि जाड ताडपत्री यांचे तीन थर सुचवले. वळणांवर ते दोन्हीकडून घ्यायचे, सरळ भागात कुंपणापुढे मोकळी पट्टी सोडायची आणि पहिल्या हंगामात एका वेळी दोनच गाड्या सोडायच्या, असे ठरले.

दुपारी सेलूचा पटवाला आपली फळी घेऊन आला. त्याने लाल माती मुठीत दाबून पाहिली, आणखी एक शिडकावा द्यायला सांगितला, आणि पहिला थर आतल्या रेषेपासून न ओढता बाहेरच्या कुंपणाकडून आत ओढायला घेतला. सैल माती नेहमी बाहेर जाते, म्हणून तिला आत आणण्याची सवय ट्रॅक्टरवाल्याला पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. भाच्याने उरलेल्या ट्रकांसाठी उदगीरला फोन केला. आठवड्याने थर बसला की गाड्या उतरवायच्या आणि पहिल्या सरावाला पटवाल्यालाच पात्यावर बसवायचे, असे ठरवून आम्ही बहिणीने धाडलेल्या पिठलं-भाकरीकडे वळलो.